हवा जाते कुठून?

थंडी पडली की एअर रायफलची हवा जाते, अशी पत्रे येऊ लागतात. या वेळी ती इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा याच विषयाला दिली आहे. प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

मुलासाठी दहा मीटरची जुनी मॅच (स्पर्धेची) रायफल घेतली. सिलिंडर २०० बारचा (बार हे दाबाचे एकक), फिरवून काढता येणारा. दुपारी काटा १८० वर होता, दुसऱ्या दिवशी पहाटे सरावाला निघताना १६५. विकणारा म्हणतो, एवढे चालायचेच. खरेच चालते का? आणि गळती असेल तर ती घरी सापडेल का?
– एक पालक, राजेंद्रनगर, इंदूर

विकणाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. बंद सिलिंडरातला दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. हिशेब सोपा आहे: दोन्ही तापमानांत २७३ मिळवा आणि गुणोत्तर काढा. इंदुरात जानेवारीची दुपार २६ अंशांची आणि पहाट १० अंशांची धरली, तर १८० × २८३ ÷ २९९, म्हणजे सुमारे १७०. पंधरापैकी दहा बार नुसत्या थंडीने उतरले. ती हवा सिलिंडरातच आहे. राहिले पाच. ती गळती असेल किंवा काटाच तेवढा चुकत असेल. सिलिंडरच्या टोकाला बसवलेल्या त्या बारक्या गेजवर पाच बार म्हणजे जेमतेम काट्याची जाडी.

भरल्याभरल्या वाचलेला आकडाही असाच फसवा. हवा दाबली की तापते. घाईने भरलेला सिलिंडर ४५ अंशांना २०० दाखवत असेल, तर २५ अंशांवर निवल्यावर तो १८७ च दाखवणार. सावकाश भरा, तासभर थांबा, मग आकडा लिहून ठेवा, आणि पुढचे वाचन त्याच खोलीत, दिवसाच्या त्याच वेळेला घ्या.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे काट्याचा नाद सोडून सिलिंडर तोलणे. हवेला वजन असते आणि ते थंडीने बदलत नाही. लिटरभर साध्या हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम. तुमच्या सिलिंडरात २०० मिलि जागा असेल, तर एक बार कमी होणे म्हणजे ०.२४ ग्रॅम कमी होणे. दहा बारला २.४ ग्रॅम. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि सिलिंडरचे वजन पेलणारा डिजिटल वजनकाटा घ्या. तो घरात नसेल तर सराफ्यात ओळख काढा, तिथे प्रत्येक दुकानात आहे. प्रत्येक वेळी आधी तोच एक मोठा स्टीलचा नट तोलून वजनकाट्याचा आकडा बदलला नाही ना ते पाहा, धुळीची टोपी लावायची तर दर वेळी लावा, आणि वजन तारीख-वेळेसह सिलिंडरच्या डबीवर लिहा.

आता याच तोलण्याने गळतीची जागा अर्ध्यावर आणता येते. सिलिंडर रायफलवरून काढून दोन दिवस नुसता ठेवा. वजन उतरले तर दोष सिलिंडरात आहे: त्याचा स्वतःचा व्हॉल्व्ह, गेजचा सांधा किंवा टोकाची ओ-रिंग (सांधा हवाबंद करणारे रबरी कडे). वजन तसेच राहिले, पण रायफलवर लावल्यावर दोन दिवसांत उतरले, तर दोष रायफलच्या बाजूला. एवढे कळायच्या आधी काहीही खोलू नका. आमच्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या रायफलींत मुळात बरी असलेली ओ-रिंग उगाच काढताना खाच ओरबाडल्याची प्रकरणे खूप असतात.

इथे एक इशारा. भरलेला सिलिंडर फिरवून काढणे फक्त त्याच रायफलींत सुरक्षित आहे, ज्यांच्या सिलिंडरला काढताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. नळीखाली पक्की बसवलेली टाकी किंवा व्हॉल्व्ह नसलेली बाटली भरलेली असताना फिरवायची नाही. रायफलच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर फिरवता येत नाही असेच समजा.

बाजू ठरली की साबण. भांड्यांच्या लिक्विडचा एक भाग, पाणी चार भाग, फेस न करता हलके ढवळलेले. फवारू नका, मुलांचा रंगकामाचा बारीक ब्रश घ्या आणि सांध्यावर एक सलग पडदा बसवा. मग वाट पाहा, कारण घाई करणाऱ्याला बारीक गळती सापडत नाही. २०० मिलिच्या सिलिंडरातून रात्रभरात दहा बार जात असतील, तर मिनिटाला तीन मिलिच्या वर हवा बाहेर येते आणि बुडबुडे लगेच फुगतात. पण दिवसाला एकच बार जात असेल, तर मटाराएवढा एक बुडबुडा व्हायला दीड मिनिट लागते. प्रत्येक जागेला पाच मिनिटे द्या. ब्रशने आलेला फेस पांढरा, बारीक आणि बसत जाणारा असतो. गळतीचा बुडबुडा एकाच बिंदूतून पुन्हा पुन्हा उगवतो. पुसून पुन्हा लावा. त्याच जागी आला तर ती जागा पेन्सिलीने टिपून ठेवा. सिलिंडर पाण्यात बुडवणे सोपे वाटते खरे, पण गेज वॉटरप्रूफ नसते. आत पाणी शिरले की काही महिन्यांत काटा अडकतो.

रायफलच्या बाजूला तीन जागा पाहायच्या. पहिली, सिलिंडर जिथे बसतो तो सांधा. दुसरी, नळीचे तोंड: कक्षात छर्रा नाही याची दोनदा खात्री करा, बोल्ट बंद करा, रायफल सुरक्षित दिशेला स्टँडवर ठेवा आणि बोटाने नळीच्या तोंडावर साबणाचा पडदा ओढा. तो हळूहळू फुगत असेल तर फायरिंग व्हॉल्व्ह (चाप ओढल्यावर हवा सोडणारी झडप) नीट बसत नाही. तिसरी जागा लोक विसरतात: रेग्युलेटरच्या (टाकीतला दाब कमी करून पुढे देणाऱ्या) भागावर सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. ते मुद्दाम ठेवलेले असते, कारण रेग्युलेटरच्या स्प्रिंग-वॉशरांच्या कप्प्यात बाहेरचाच दाब राहायला हवा. तिथून बुडबुडे आले तर रेग्युलेटरच्या पिस्टनची ओ-रिंग गेली. ते छिद्र एम-सीलने बुजवलेल्या रायफलीही पाहण्यात येतात! तसे केले की हवा त्या कप्प्यात साठते आणि छर्ऱ्याचा वेग वाटेल तसा भरकटतो. काम झाल्यावर साबण ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या आसपास ब्रश नेऊच नका.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे सगळी हवा सोडणे. १६ मिमी व्यासाच्या झाकणावर २०० बारने सुमारे ४१० किलोचा रेटा असतो, आणि आटे शेवटच्या दोन फेऱ्यांवर आले की ते झाकण गोळीसारखे सुटते. गेज शून्य दाखवते म्हणून टाकी रिकामी, असे मानू नका. काटा अडकलेला असतो, किंवा ते गेज रेग्युलेटरच्या पुढचा दाब दाखवत असते. हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो वापरा, नसेल तर हवा संपेपर्यंत छर्ऱ्याविना रिकामे शॉट काढा. आटे पहिल्या पाव फेरीनंतरही हाताने हलत नसतील तर आत दाब आहे. पान्याला पाइप लावू नका, थांबा.

ओ-रिंग काढायला लाकडी टूथपिक किंवा प्लॅस्टिकची काडी घ्या. सुई किंवा स्क्रूड्रायव्हरने खाचेत पडलेला ओरखडा नव्या ओ-रिंगलाही गळायला लावतो. जुनी ओ-रिंग भिंगाखाली पाहा, ती बरेच सांगते. एक बाजू सपाट झाली असेल तर ती वयाने गेली. कडेला पातळ पापुद्रा सुटला असेल तर दाबाने ती फटीत ढकलली गेली. तिथे जास्त कडक मालाची हवी. एखादीच चीर असेल तर बसवताना आट्यांवर घासली. अंगावर फोड असतील तर हवा रबरात मुरली होती आणि दाब एकदम सोडल्यावर आतून फुटली. पुढच्या वेळी हवा सावकाश सोडा.

माप जुन्या ओ-रिंगवरून नव्हे, खाचेवरून काढा, कारण जुनी फुगलेली किंवा चपटी झालेली असते. आतला व्यास आणि रबराची जाडी असे दोन आकडे लागतात. १.७८ मिमी आणि २.६२ मिमी जाडीचे इंची माल सर्रास मिळतात. उदाहरणार्थ ०१० नंबर म्हणजे ६.०७ × १.७८, ०११ म्हणजे ७.६५ × १.७८. युरोपी रायफलींत मात्र १.५ आणि २ मिमीच्या मेट्रिक ओ-रिंगही असतात, आणि १.७८ च्या जागी २ ची कोंबली की ती कापली जाते. माल नायट्राइल रबर, न हलणाऱ्या सांध्याला ७० शोअर (रबराच्या कडकपणाचे माप) चालतो, फटीची शंका असेल तिथे ९०. सियागंजात किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांना हायड्रॉलिक सील पुरवणाऱ्या दुकानांत दोन्ही मिळतात, फक्त शोअर विचारून घ्या. नुसते 'ओ-रिंग द्या' म्हटले की ७० चीच हातात पडते. चार-पाच जास्तीच्या घ्या, महाग नसतात.

बसवताना शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा नुसता ओलसर थर पुरे. बोटाला लागलेले दिसत असेल तर जास्त झाले. खोबरेल, शिलाई-मशीनचे तेल, डब्ल्यूडी-४० यांतले काहीही दाबाच्या हवेच्या वाटेत नको. ज्वलनशील तेलाची वाफ दाबाने तापून पेट घेते. झाकण हाताने टेकेपर्यंत आणि वर थोडेसे, एवढेच आवळा. सील ओ-रिंग करते, आटे नव्हे. भरताना आधी ५० बार, साबण, मग १००, साबण, मग १८०. दुसऱ्या दिवशी वजन.

नळीखाली पक्की टाकी असलेली पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी रायफल) आहे, हँडपंपाने भरतो. पावसाळाभर वापरली नाही, हवा पूर्ण संपली. आता पंप मारतो तेवढी हवा नळीतून फुसफुसत निघून जाते, काटा ३० च्या वर जात नाही. व्हॉल्व्ह गेला का? आणि हॅमर-स्प्रिंग आवळून जोर वाढवता येईल का?
– एक वाचक, महू

बहुधा नाही. अशा रायफलींत फायरिंग व्हॉल्व्ह बंद ठेवण्याचे काम मुख्यतः आतली हवाच करते. त्याची स्वतःची स्प्रिंग नाजूक असते. टाकी रिकामी असताना हॅमर (चाप ओढल्यावर व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणारा भाग) व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकून त्याला किंचित उघडा धरतो. छर्रा नाही याची खात्री करा, बोल्ट मागे ओढून रायफल कॉक करा म्हणजे हॅमर बाजूला होईल, आणि मग पंप मारा. सुरुवातीचे दहा-पंधरा दट्टे जोरात आणि न थांबता. ५०-६० बार चढले की व्हॉल्व्ह आपसूक दाबून बसतो. भरून झाल्यावर पंपाच्या नळीतली हवा सोडा, नळी काढा आणि रायफल डीकॉक करा, म्हणजे ताणलेला हॅमर हळूच परत सोडा. डीकॉक करण्याची सोय नसेल तर सुरक्षित जागी एक शॉट काढा.

कॉक करूनही फुसफुस थांबली नाही, तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर (तो जिथे टेकून बंद होतो तिथे) कण अडकला आहे. ६०-७० बारवर चार-पाच रिकामे शॉट जोरात काढले की तो बरेचदा उडून जातो. नाहीच गेला तर हवा सोडून व्हॉल्व्ह काढावा लागेल. पॉपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या हलत्या झडपेच्या, प्लॅस्टिक तोंडावर बैठकीचा गोल ठसा सलग दिसायला हवा. ठसा तुटला असेल तर पॉपेट नवा घ्या. तोंड सपाट असेल तर काचेवर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-चार हलके फेरे देऊन जमते, पण शंकूच्या आकाराच्या तोंडाला हा उपाय करू नका. समोरच्या पितळी बैठकीला तर कुठलाच पेपर लावायचा नाही. ती एकदा वाकडी झाली की लेथवाल्यालाही जमत नाही.

मूळ कारण मात्र पावसाळा असावा. ऑगस्टमधल्या आपल्याकडच्या हवेत घनमीटरमागे २० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. २०० मिलिची टाकी २०० बारला भरायला ४० लिटर हवा लागते, तिच्यात पाऊण ग्रॅमच्या वर पाणी, म्हणजे पंधरा-सोळा थेंब. दाबल्यावर ते वाफ राहत नाही. काही पंपात गळते, बाकी टाकीत जाऊन स्टीलच्या भागांना गंज चढवते, आणि तोच गंज कण होऊन बैठकीवर बसतो. पंपाच्या हवा ओढण्याच्या बाजूला सिलिका जेलची डबी लावा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्या. तो तवा मग स्वयंपाकाला वापरू नका. ५०-६० दट्ट्यांनंतर दहा मिनिटे थांबा, पंप गार होऊ द्या आणि ब्लीड स्क्रू उघडून पाणी सोडा. टाकी पूर्ण रिकामी कधीच ठेवू नये. वापर नसला तरी आत ५०-१०० बार असू द्या, म्हणजे व्हॉल्व्ह बसून राहतो आणि दमट हवा आत शिरत नाही.

तुम्ही हॅमर-स्प्रिंग आवळून 'जोर' वाढवण्याबद्दलही विचारले आहे. गळतीशी त्याचा संबंध नाही. शिवाय परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलची मर्यादा ४.५ मिमी आणि २० ज्यूल आहे. स्प्रिंग पिळताना ती ओलांडली की मामला कायद्याचा होतो.

काटा जागचा हलत नाही, साबणाने कुठेच बुडबुडा नाही, तरी रोज सकाळचा पहिला शॉट खाली किंवा वर जातो. पुढचे सगळे बरोबर. हीही गळतीच का?
– एक नेमबाज, देवास

आहे, पण आतल्या आत. रेग्युलेटर टाकीतला मोठा दाब कमी करून पुढच्या छोट्या कप्प्यात देतो आणि आपली बैठक बंद करतो. ती बैठक पूर्ण मिटत नसेल तर रात्रभर हवा झिरपून पुढचा दाब ठरल्यापेक्षा चढतो. टाकीतून बाहेर काही जात नाही, म्हणून काटा आणि साबण दोघेही गप्प. चढलेल्या दाबावर पहिला छर्रा जोरात जातो. पण दाब फार चढला तर हॅमरला व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नाही आणि तो मंदही जातो. म्हणून 'खाली किंवा वर'.

तपासायला क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारे यंत्र) हवा. दहा शॉट काढा, मग दहा मिनिटे, एक तास आणि एक रात्र अशी विश्रांती देऊन प्रत्येक वेळी पहिला वेग टिपा. विश्रांती वाढेल तसा फरकही वाढला तर रेग्युलेटर झिरपतो. विश्रांती कितीही असो, फरक तेवढाच राहिला तर हॅमरवरचे जुने ग्रीस घट्ट झाले असण्याची शक्यता जास्त, आणि ते साफ करणे सोपे आहे. १७० मीटर प्रतिसेकंदाऐवजी १६० ने गेलेला छर्रा दहा मीटरवर सुमारे २.२ मिमी खाली लागतो. रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगांमधले अंतर २.५ मिमी आहे, तेव्हा जवळजवळ एक गुण गेला.

बैठक साफ करणे किंवा बदलणे आणि दाब पुन्हा लावणे हे टेस्ट गेज असलेल्यानेच करावे. मॅच रायफलचा रेग्युलेटर घरी खोलू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर मॅचच्या तयारीच्या वेळात दोन-तीन रिकामे शॉट काढून घ्या.

गेजच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळले, तरी गळतेच.
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

गळणारच. ते आटे समांतर असतात, नळाच्या पाइपासारखे निमुळते नाहीत. टेप कितीही गुंडाळा, हवा आट्यांच्या फटीतून वाट काढते. तिथे सील तळाशी होते: ओ-रिंगने किंवा डाउटी वॉशरने (आतून रबर चिकटवलेली धातूची चकती). टेप पूर्ण काढा, धागे चिमट्याने वेचा (एक तंतू व्हॉल्व्हवर बसला की दुसरी गळती सुरू), आट्यांच्या मापाचा नवा डाउटी वॉशर टाका. गेजचा चौकोन पान्याने धरा, डबी धरून फिरवू नका. एवढे करूनही हवा गेजच्या काचेखालून येत असेल तर आतली नळी फुटली आहे. ते गेज फेकून द्या.

हवा भरून देणारे जवळ कोणी नाही. पालद्यातला एक वेल्डिंगवाला त्याच्या सिलिंडरातून भरून देतो म्हणतो.
– एक वाचक, इंदूर

कोणत्या सिलिंडरातून? काळ्या अंगाचा असेल, मान पांढरी असो वा काळी, तर तो ऑक्सिजन आहे, आणि ऑक्सिजन एअर रायफलमध्ये कधीही, थोडासुद्धा भरायचा नाही. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा डाग, रबर, प्लॅस्टिकचा पॉपेट सगळे पेट घेते. टाकी हातात फुटते. 'पूर्वी भरली होती, काही झाले नाही' हे ऐकू नका. करड्या अंगाचा, काळ्या मानेचा नायट्रोजन रायफलला अपाय करत नाही, कोरडाही असतो. पण बाजारातला मोठा सिलिंडर १५० बारच्या आसपासच भरलेला येतो, तेव्हा २०० मिळणार नाहीत, आणि बंद खोलीत तो सोडला तर माणूस गुदमरतो. ॲडॅप्टर घरगुती वेल्डिंगने बनवलेला असेल तर तोही नको.

सिलिंडरवर कोरलेली तारीख उलटून दोन वर्षे झाली. हवा उत्तम धरतो. वापरू ना?
– एक पालक, सुदामानगर, इंदूर

नाही. जर्मन मॅच रायफलींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरना निर्माते साधारण १० वर्षांची मुदत देतात, ती धातूच्या थकव्याची असते, ओ-रिंगची नव्हे. हवा धरणे हा त्याचा पुरावा होत नाही. मुदत संपलेला सिलिंडर रिकामा करा, आणि भंगारात देण्याआधी आरपार भोक पाडा म्हणजे कोणी पुन्हा भरणार नाही. जुनी रायफल घेताना किंमत ठरवायच्या आधी हीच तारीख वाचायची असते.

आजोबांची नळी मोडून भरायची जुनी बंदूक आहे. जोर गेला. साबण लावला, काहीच दिसले नाही.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

तिच्यात हवा साठवलेली नसतेच. चाप ओढल्यावर स्प्रिंग पिस्टनला ढकलते आणि त्या क्षणी हवा दाबली जाते. म्हणून साबणाऐवजी कागद. नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यूची पट्टी टाका, छर्रा भरून (रिकामी उडवू नका, पिस्टन आपटतो) सुरक्षित लक्ष्यावर मारा. पट्टी उडाली तर नळीच्या मुळाशी बसणारे ब्रीच सील गेले. ते कडेच्या वर केसभर उभे राहिले पाहिजे. चपटे झाले असेल तर बदला, किंवा तात्पुरते खाली पातळ पत्र्याची चकती द्या. पट्टी जागची हलली नाही तर पिस्टनचे चामडी वॉशर वाळले असणार. नळी मोडून, तिच्या मागे बंदुकीच्या अंगात दिसणाऱ्या छिद्रातून, सिलिकॉन तेलाचे चार-पाच थेंब टाका, बंदूक रात्रभर उभी ठेवा, मग पाच-दहा छर्रे मारून पाहा. तेवढ्याने जोर आला नाही तर वॉशरच बदलावे लागेल, आणि ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या कारागिराकडेच द्या. दाबलेली मेनस्प्रिंग तोंडावर येते.